परंपरानिष्ठ ख्रिस्ती कॉलेजात लिबरल आर्ट्स शिकावे का?

वसईच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या मुलीला अमेरिकेत, शिकागोजवळच्या व्हीटन कॉलेजात प्रवेश मिळाला आहे आणि तिला इंग्रजी साहित्य व जीवशास्त्र असे दोन्ही विषय घ्यायचे आहेत. कुटुंब कॅथलिक आहे आणि कॉलेज प्रॉटेस्टंट, त्यातही इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलचे प्रामाण्य आणि व्यक्तिगत श्रद्धा यांवर भर देणाऱ्या पंथाचे. तिकडेच नेपरव्हिलमध्ये राहणारे मुलीचे मामा म्हणतात की हे एक प्रकारचे बायबल स्कूल आहे आणि तिथे मुलांच्या डोक्याला कुलूप लावतात. पॅरिशमधल्या ओळखीच्यांचे मत उलटे आहे: इतर अमेरिकन कॉलेजांत मूल हातचे जाते, त्यापेक्षा हे बरे. वडिलांची शंका अशी की, जिथे शिक्षकांनाच श्रद्धेच्या निवेदनावर (कॉलेजला मान्य असलेल्या धर्ममतांच्या लेखी यादीवर) सही करावी लागते, तिथे मोकळे शिक्षण मिळू शकते का, आणि ती पदवी पुढे चालेल का.

मी अहिल्यानगरच्या मराठी प्रॉटेस्टंट घरातली आहे. अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये, व्हीटनमध्ये नव्हे पण त्याच जातकुळीच्या एका लहान कॉलेजात, मी बरीच वर्षे साहित्य शिकवते आणि दरवर्षी तशाच निवेदनावर सही करते. माझे उत्तर या व्यवस्थेच्या आत उभे राहून दिलेले आहे, हे लक्षात ठेवून ते वाचावे.

सर्वप्रथम ‘ख्रिस्ती कॉलेज’ या शब्दांनी आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येते ते बाजूला ठेवावे लागेल. आपल्याकडे १८३२ चे विल्सन, १८६९ चे सेंट झेवियर्स किंवा १९४७ चे आमचे अहमदनगर कॉलेज यांना आपण ख्रिस्ती कॉलेजे म्हणतो. पण तिथले बहुसंख्य विद्यार्थी ख्रिस्ती नसतात आणि कोणी कोणाची श्रद्धा विचारत नाही. अमेरिकेत तीन निराळे प्रकार दिसतात. पहिला प्रकार बायबल कॉलेजांचा: तिथे मुख्यतः पाळक आणि मिशनरी घडवले जातात. दुसऱ्या प्रकारातली कॉलेजे चर्चच्या प्रेरणेने सुरू झाली, पण आता पूर्णपणे धर्मनिरपेक्ष आहेत. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, ओबरलिन ही त्यांची ठळक उदाहरणे. (मराठी मुलखाशी यांचा जुना संबंध आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या संस्थापकांपैकी गॉर्डन हॉल हे विल्यम्सचे १८०८ चे पदवीधर होते. ते १८१३ मध्ये मुंबईत उतरले.) तिसऱ्या प्रकारातल्या कॉलेजांनी भाषा, इतिहास, विज्ञान, तत्त्वज्ञान, संगीत असा संपूर्ण लिबरल आर्ट्स अभ्यासक्रम ठेवला आणि श्रद्धेची अटही कायम ठेवली. व्हीटन या तिसऱ्या प्रकारातले आहे, त्यामुळे मामांचे ‘बायबल स्कूल’ हे वर्णन चुकीचे आहे. सुप्रसिद्ध धर्मप्रचारक बिली ग्रॅहम १९४३ मध्ये व्हीटनमधून पदवीधर झाले, तेव्हा त्यांचा विषय मानववंशशास्त्र होता, एवढे सांगितले तरी पुरे.

‘परंपरानिष्ठ’ या विशेषणाचीही फोड करायला हवी. मिशिगनमधील हिल्सडेल कॉलेज राजकीय अर्थाने परंपरानिष्ठ म्हणून ओळखले जाते. ते केंद्र सरकारचा पैसा घेत नाही, पण विद्यार्थ्यांकडून श्रद्धेच्या कबुलीची अपेक्षाही करत नाही. व्हीटनची परंपरानिष्ठा मुख्यतः धर्ममताची आहे आणि तिचे राजकारण त्याहून गुंतागुंतीचे आहे. हे कॉलेज १८६० मध्ये गुलामगिरीच्या कट्टर विरोधकांनी उभारले. पहिले अध्यक्ष जोनाथन ब्लँचर्ड हे त्या चळवळीतले नेते होते आणि पळून आलेल्या गुलामांना त्या कॉलेजात आसरा मिळत असे. उलट २०२५ च्या फेब्रुवारीत कॉलेजने आपले माजी विद्यार्थी रसेल व्हॉट यांच्या ट्रम्प सरकारमधील नियुक्तीबद्दल समाजमाध्यमावर अभिनंदन केले, टीका होताच तो मजकूर काढून टाकला, आणि माजी विद्यार्थ्यांच्या दोन्ही बाजूंनी निषेधाची पत्रे निघाली. आपली मुलगी एकमुखी समाजात जाणार नाही, एवढे यावरून दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. ‘तिथे मोकळीक आहे का?’ असे विचारले तर हो किंवा नाही यापलीकडे काही हाती लागत नाही. माझ्या अनुभवात प्रश्न तीन आहेत. बंधन नेमके कोणावर आहे? ते आधी लिहून दिलेले आहे का? आणि त्या बंधनाच्या आत, प्रत्यक्ष वर्गात, विरोधी मताला त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडले जाते का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत. जड बंधन शिक्षकांवर आहे. अमेरिकन प्राध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९४० मध्ये अध्यापनस्वातंत्र्याचे जे निवेदन केले, त्यातच म्हटले आहे की धार्मिक उद्दिष्टामुळे या स्वातंत्र्यावर मर्यादा येणार असेल तर ती नियुक्तीच्या वेळीच स्पष्टपणे, लेखी सांगितली पाहिजे. व्हीटन ती सांगते. तरीही सांगितलेल्या मर्यादेचा अर्थ कोण लावणार हा वाद उरतोच, आणि तो सुटत नाही तेव्हा माणसे जातात. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जोशुआ हॉक्सचाइल्ड २००४ मध्ये कॅथलिक झाले. निवेदनावर अजूनही सही करू शकतो असे त्यांचे म्हणणे होते. कॉलेजला ते मान्य झाले नाही आणि त्यांना जावे लागले. २०१५ च्या डिसेंबरमध्ये राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका लॅरिशा हॉकिन्स यांनी मुस्लिमांविषयीची आपुलकी दाखवण्यासाठी हिजाब घातला आणि पोप फ्रान्सिस यांचा दाखला देऊन लिहिले की ख्रिस्ती आणि मुस्लिम एकाच देवाची उपासना करतात. त्यांना रजेवर पाठवण्यात आले. अनेक सहकारी त्यांच्या बाजूने उभे राहिले, बडतर्फीची प्रक्रिया मागेही घेतली गेली, पण २०१६ च्या फेब्रुवारीत कॉलेज आणि त्या परस्परसंमतीने वेगळ्या झाल्या.

कॅथलिक पालक म्हणून या दोन घटना आपल्याला विशेष लागतील आणि लागायला हव्यात. आपली मुलगी तिथे विद्यार्थिनी म्हणून राहू शकते, पण तिला मध्ययुगीन कॅथलिक तत्त्ववेत्ते संत थॉमस अक्वायनस शिकवणारी व्यक्ती कॅथलिक असणार नाही. शिक्षक प्रामाणिक असेल तर तो अक्वायनस चांगला शिकवील. मी स्वतः कॅथलिक लेखक शिकवते आणि माझ्या कॅथलिक विद्यार्थ्यांना त्यात परकेपणा वाटू नये याची काळजी घेते. तरी ज्याला ते मत जगून माहीत आहे असा माणूस शिक्षकांच्या खोलीत नसणे ही उणीव आहे. अशा कॉलेजांचा खरा तोटा हाच आहे असे माझे मत आहे. मुलांना बोलायला सहसा कोणी बंदी करत नाही. त्यांना जी माणसे भेटायला हवी होती त्यांपैकी काही तिथे कधी येतच नाहीत.

विद्यार्थ्यांवरची बंधने वेगळ्या स्वरूपाची, बहुतांशी आचरणाची असतात. व्हीटनमध्ये त्यांना एका सामूहिक करारनाम्यावर सही करावी लागते. पदवीच्या विद्यार्थ्यांना सत्राच्या काळात दारू आणि तंबाखू वर्ज्य आहे, आणि आठवड्यातून तीनदा चॅपलला, म्हणजे कॉलेजच्या सामूहिक उपासनेला, हजर राहणे सक्तीचे आहे. २००३ पर्यंत तिथे नाचावरही बंदी होती. वसईत लग्नाच्या मांडवात नाचत वाढलेल्या मुलीला हे ऐकून आश्चर्य वाटेल. लैंगिक आचरणाबाबत करार स्पष्ट आहे: विवाह म्हणजे एक स्त्री आणि एक पुरुष यांचा, आणि शरीरसंबंध फक्त त्यात. समलिंगी आकर्षण असणाऱ्या मुलामुलींना अशा वातावरणात चार वर्षे काढणे फार जड जाऊ शकते, हे मी जवळून पाहिले आहे. अमेरिकेतला शिक्षणातील लिंगभेदविरोधी कायदाही धार्मिक संस्थांना सवलत देतो, त्यामुळे बाहेरून संरक्षण कमी मिळते. तो करारनामा मुलीने स्वतः, एकटीने, शांतपणे वाचावा आणि सही करायची की नाही हे तिने ठरवावे. आपण तो तिच्यासाठी वाचून ‘ठीक आहे’ म्हणू नये.

तिसरा प्रश्न वर्गाचा आहे, आणि त्यावर मला जास्त बोलायचे आहे, कारण बाहेरच्यांना तोच दिसत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मी फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५ चे आत्मकथन शिकवते. गुलामीतून निसटलेल्या या माणसाने पुस्तकाच्या शेवटी एक पुरवणी जोडली आहे. तीत ते म्हणतात की मी धर्माविरुद्ध जे लिहिले ते या देशातल्या गुलाममालकांच्या धर्माविरुद्ध आहे. ख्रिस्ताचा धर्म आणि या देशाचा धर्म यांत मला एवढे अंतर दिसते की एकाला मानायचे तर दुसऱ्याचा वैरी व्हावेच लागते. अखेरीस त्यांनी चर्चमध्ये गायल्या जाणाऱ्या एका लोकप्रिय गीताचे विडंबन छापले आहे: चाबूक मारणारे, आईपासून लेकरू तोडून विकणारे उपदेशक तेच गीत भक्तिभावाने गातात. मी ते विडंबन वर्गात मोठ्याने वाचायला लावते. माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांचे बालपण असल्या गीतांवर गेलेले असते, त्यामुळे त्यांना चाल आपोआप सुचते, आणि दोन-तीन कडव्यांनंतर वाचणाऱ्याचा आवाज अडखळू लागतो.

त्यानंतरचे काम लेखी असते. नव्या करारात फिलेमोनाला लिहिलेले संत पौलाचे एक छोटे पत्र आहे. त्यात पौल अनेसिम नावाच्या दासाला त्याच्या धन्याकडे परत पाठवतो. गुलामगिरीचे समर्थक पाळक हेच पत्र पुढे करत. विद्यार्थ्याने आधी त्या पाळकाची बाजू अशी मांडायची की तो पाळक स्वतः वाचून ‘होय, मला हेच म्हणायचे होते’ असे म्हणेल. मग त्याच पत्रातून डग्लस यांच्या बाजूने उत्तर द्यायचे. पहिला भाग लिहिताना मुले हैराण होतात. त्यांना तो पाळक मूर्ख किंवा ढोंगी दाखवायचा असतो, आणि मी ते कागद परत करते. आपल्याच परंपरेतला, आपल्याच ग्रंथाचा आदर करणारा, आपल्यासारखीच प्रार्थना करणारा माणूस इतका चुकू शकतो, हे त्यांना स्वतःच्या अक्षरात लिहावे लागते.

मी यापूर्वी एका सरकारी विद्यापीठातही हेच पुस्तक शिकवले आहे. तिथली चर्चा चांगली होत असे, पण बहुधा ‘धर्माचा आडोसा घेतला’ या वाक्यापाशी येऊन थांबत असे. ते पत्र कोणाला ठाऊकच नसे. इथल्या मुलांना पत्र पाठ असते, म्हणून भांडण नेमके होते, शब्दाला शब्द भिडतो. समान ग्रंथ असलेल्या वर्गाची ही ताकद आहे आणि ती मी मोठी मानते. मात्र सरकारी विद्यापीठात एक हात हमखास वर होत असे: ‘पण या ग्रंथाला प्रमाण मानायचेच कशासाठी?’ माझ्या आजच्या वर्गात तो हात क्वचितच वर होतो. तो प्रश्न मला स्वतःला आणावा लागतो, आणि मी तो आणते. परंतु शिक्षकाने आणलेला प्रश्न आणि शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीने विचारलेला प्रश्न यांचे वजन सारखे नसते.

आपल्या मुलीला जीवशास्त्र घ्यायचे आहे, म्हणून विज्ञानाबद्दल स्वतंत्रपणे लिहिते. या बाबतीत कॉलेजाकॉलेजांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. काही ठिकाणी पृथ्वी सहा-दहा हजार वर्षांची आहे असे मानूनच भूशास्त्र शिकवतात. अशा ठिकाणी जीवशास्त्र घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. व्हीटन त्यांतले नाही. तिथल्या विज्ञान इमारतीत मॅस्टोडॉन या हत्तीसारख्या नामशेष प्राण्याचा सांगाडा मांडलेला आहे. १९६३ मध्ये जवळच्या ग्लेन एलिन गावात सापडलेला हा सांगाडा दहा हजारांहून अधिक वर्षे जुना आहे. जीवशास्त्राच्या वर्गात उत्क्रांती शिकवली जाते. त्याच वेळी १९६१ मध्ये, विज्ञानावरच्या एका परिषदेने गदारोळ उठल्यावर, कॉलेजने आपल्या निवेदनात आदाम आणि हव्वा हे देवाने प्रत्यक्ष निर्मिलेले मानवजातीचे ऐतिहासिक मातापिता आहेत असे कलम घातले, आणि ते अजून आहे. म्हणजे मानवी उत्पत्तीच्या धड्यापाशी शिक्षकाला जपून चालावे लागते. विद्यार्थिनीला परीक्षेत, प्रयोगशाळेत किंवा पुढील प्रवेशात त्याने अडचण येण्याचे कारण नाही. आपण कॅथलिक असल्यामुळे तिला श्रद्धा आणि उत्क्रांती यांत विरोध न मानणारी घरच्या चर्चची भूमिका आधीच ठाऊक असेल, तर ती तिथल्या अनेक मुलांपेक्षा मोकळेपणाने हा विषय हाताळील.

श्रद्धा आणि सर्व विद्या एकत्र कशा नांदतात, यामागचा विचारही सांगितला पाहिजे, नाहीतर हे सारे तडजोडीसारखे वाटेल. व्हीटनमध्ये १९५० च्या दशकापासून चार दशके तत्त्वज्ञान शिकवणारे आर्थर होम्स यांचा आग्रह असा होता की सत्य जिथे कुठे सापडेल तिथले ते देवाचेच आहे. मग ख्रिस्ती विद्यार्थ्याने कोणत्या शास्त्राला भ्यायचे? मिशिगनच्या कॅल्विन या ख्रिस्ती कॉलेजात शिकून पुढे तिथेच शिकवलेल्या अ‍ॅल्विन प्लँटिंगा आणि निकोलस वोल्टरस्टॉर्फ यांनी याच धारणेतून असे तत्त्वज्ञान लिहिले की नास्तिक तत्त्ववेत्त्यांनाही त्याची दखल घ्यावी लागली. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी बायबल मराठीत आणण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक आत्मसात केली, ती निष्ठा याच कुळातली. ज्या कॉलेजात हा विचार जिवंत आहे तिथे ख्रिस्ती लिबरल आर्ट्स खरोखर शिकता येते. जिथे तो माहितीपुस्तिकेपुरता उरला आहे तिथे नुसते भय शिल्लक राहते.

म्हणूनच पॅरिशमधल्या त्या सल्ल्याशी मी सहमत नाही. ‘मूल हातचे जाऊ नये’ म्हणून अशा कॉलेजात पाठवू नका. संरक्षणासाठी पाठवलेली मुले माझ्या वर्गात मला पहिल्याच महिन्यात ओळखू येतात: ती अवघड प्रश्नावर घरून मिळालेले उत्तर देतात आणि गप्प बसतात, किंवा दुसऱ्या वर्षी एकदम सगळेच फेकून देतात. ज्या मुलीला श्रद्धाही आहे आणि प्रश्नही आहेत, जिला दोन्ही एका टेबलावर ठेवायची हिंमत आहे, तिला मात्र इथे मिळते ते इतरत्र सहज मिळत नाही. आपली मुलगी यांपैकी कोण, हे मी इतक्या दुरून सांगू शकत नाही.

पदवीच्या किमतीबद्दल निश्चिंत राहा. व्हीटनला मान्यता देणारे हायर लर्निंग कमिशन हेच शिकागो विद्यापीठाला आणि नॉर्थवेस्टर्नलाही मान्यता देते. पीएचडीचे प्रवेश शिफारसपत्रे, लेखनाचा नमुना आणि संशोधनाचा अनुभव यांवर ठरतात, आणि लहान कॉलेजात प्राध्यापक विद्यार्थ्याला नावाने ओळखत असल्यामुळे शिफारसपत्रे भरीव मिळतात. धर्मनिरपेक्ष विद्यापीठात एखादा परीक्षक कॉलेजचे नाव पाहून भुवया उंचावील, हे खरे आहे. उत्तम लेखनाचा नमुना पाहून त्या खाली येतात. नोकरीच्या बाबतीत एक व्यावहारिक गोष्ट आजच ठरवा. सध्याच्या नियमांनुसार पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावर बारा महिने काम करता येते, आणि विज्ञानाच्या पदवीला आणखी चोवीस महिन्यांची मुदतवाढ मागता येते. केवळ इंग्रजी साहित्याच्या पदवीला ती मिळत नाही, जीवशास्त्राला मिळते. दोन्ही मेजर (मुख्य विषय) झेपत असतील तर ती योजना सोडू नये, फक्त नियम तेव्हा काय असतील हे कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडून वेळोवेळी विचारत राहावे.

कॅथलिक पर्याय हवा असेल तर कॅलिफोर्नियातील थॉमस अक्वायनस कॉलेज पाहावे. १९७१ पासून चालणाऱ्या या कॉलेजात पाठ्यपुस्तके नाहीत आणि मेजरही नाहीत. सगळे विद्यार्थी मूळ ग्रंथ वाचून टेबलाभोवती चर्चा करतात, पहिल्या वर्षी युक्लिडची भूमितीसुद्धा. शिक्षण म्हणून मला ते फार आवडते, परंतु ज्या मुलीला जीवशास्त्राची प्रयोगशाळा हवी आहे तिच्यासाठी ते योग्य नाही.

अमेरिकन कॉलेजांत होकार कळवण्याची मुदत साधारणपणे १ मे असते. डिपॉझिट भरण्याआधी मुलीने स्वतः चार ईमेल लिहाव्यात. इंग्रजी विभागाकडून एखाद्या वरच्या वर्गाची वाचनयादी मागवावी आणि धर्मावर टीका करणारे लेखक त्यात मुळातून आहेत की दुसऱ्याने केलेल्या खंडनातून, ते पाहावे. जीवशास्त्र विभागाला पहिल्या वर्षाचे पाठ्यपुस्तक कोणते आणि मानवी उत्पत्ती कशी शिकवता, हे विचारावे. प्रवेश कार्यालयाकडून सध्या शिकत असलेल्या एखाद्या कॅथलिक विद्यार्थिनीशी बोलणे करून द्यायला सांगावे, आणि तिला चॅपल, रविवारची मिस्सा आणि वसतिगृहातल्या मैत्रिणींविषयी विचारावे. चौथी ईमेल आर्थिक साहाय्य कार्यालयाला: शिष्यवृत्तीची रक्कम चारही वर्षे तीच राहते का, फी दरवर्षी वाढली तर शिष्यवृत्तीही वाढते का, आणि ती टिकवण्यासाठी किती गुण लागतात, हे लेखी मागावे. पहिल्या तीन ईमेलना सविस्तर, न टाळता दिलेली उत्तरे आली आणि चौथीचे आकडे आपल्या कर्जाच्या हिशेबात बसले, तर मी तिला व्हीटनला जाऊ देईन.